मचाणावरची विजार

विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारायचा मुख्य हंगाम जेमतेम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी तो सुरू होतो, आणि त्या घटकेला राज्यातली पाच लाखांवर माणसं जंगलात कुठे ना कुठे जाऊन बसलेली असतात. बसलेली, हे महत्त्वाचं. शिकार म्हटलं की आपल्याला हाकारे आणि पाठलाग आठवतो. इथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार म्हणजे झाडाला लावलेल्या शिडीच्या मचाणावर किंवा लाकडी खोपीत तासन्‌तास हूं की चूं न करता बसणं. त्या आठवड्यात उत्तर विस्कॉन्सिनची पहाट उणे पाच-दहा सेल्सियसची असते, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली.

माझा थोरला भाऊ फार वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला फारसा वावच उरला नव्हता. बंदूक त्याने पहिल्यांदा हातात घेतली ती तिथल्या शेजाऱ्यांच्या संगतीने. यंदा धाकट्या भावाची मुलगी त्याच्याबरोबर जाणार होती. ती इचलकरंजीत वस्त्र-अभियांत्रिकी शिकलेली, सध्या मिनियापोलिसला नोकरीत. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, तोही तिने उरकला. राहिली विजार. तिच्यावरून दोघांची जी जुंपली ती जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी मिटेना. मी एकाची बहीण, दुसरीची आत्या. पंच व्हायला अगदी नालायक. तरी ऐकलं ते लिहिते, आणि राहवलं नाही तिथे मधे तोंड घालते.

काका: पाचशे डॉलर? विजारीला? परत कर आधी.

पुतणी: विजार नाही काका, डांगरी. छातीपर्यंत येते, वर गॅलस. तुमची पँट कितीही जाड असली तरी बसल्यावर मागून दोन बोटं खाली सरकते, आणि वारा नेमका तिथूनच शिरतो.

काका: त्यासाठी लांब सदरा असतो, आत खोचायचा. ही बघ माझी पँट. अस्सल लोकर, व्हरमाँटच्या जॉन्सन वुलन मिल्सची. ती गिरणी १८४२ची आहे. तेव्हा कुठे होतं तुझं पॉलिस्टर? लोक शिकार करतच होते ना?

पुतणी: करत होते, आणि कुडकुडतही असतील. ते कोण लिहून ठेवतंय?

काका: लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. घोंगडी पांघरून पावसात मेंढरं राखणाऱ्या धनगराला जाऊन विचार.

पुतणी: त्याबद्दल वादच नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. घेताना थोडी उष्णताही सोडते. पॉलिस्टर एक टक्कासुद्धा पाणी पीत नाही. पण काका, धनगर चालतो. दिवसभर चालतो. तुम्ही बसता.

काका: मग?

पुतणी: मग सगळं गणितच बदलतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता निघते. तोच माणूस बर्फातून बंदूक आणि पिशवी घेऊन चढ चढत असेल तर चारशे, पाचशे. विजार काही उष्णता तयार करत नाही; अंगातून निघते ती अडवून धरते, एवढंच. कपड्याची ऊब मोजायचं एकक आहे ना, क्लो, ते गॅग, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी १९४१ साली ठरवलं, तेही बसलेल्या माणसावरूनच. एकवीस अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्याला बरं वाटेल इतका पोशाख म्हणजे एक क्लो. वारा नसताना उणे दहाला तसंच बसायचं तर ढोबळ हिशेबाने पाच-साडेपाच क्लो लागतात. चालणाऱ्याला दीड पुरतो.

काका: मला ते क्लो-बिलो नको. जाडी किती, ते सांग.

पुतणी: क्लोमागे सहा-सात मिलिमीटर. म्हणजे तीन सेंटिमीटरच्या वर अडकलेली हवा, चहूबाजूंनी. तुमची लोकर किती जाड आहे?

दादाने खरोखरच पँटचा काठ चिमटीत धरून पाहिला. तीन मिलिमीटर असेल-नसेल. मग तो आतल्या खोलीत गेला आणि काळी घोंगडी घेऊन आला. पट्टणकोडोलीच्या जत्रेतली, कडेला शेगडीच्या ठिणगीने पडलेलं भोक, आणि घडी उलगडताच खोलीभर मेंढराचा वास.

काका: मी एकट्या पँटवर कुठे बसतो? आत मेरिनोची लाँग जॉन, वर ही, आणि मांडीवर ही घोंगडी, दुहेरी.

पुतणी: बघा! म्हणजे पँटचं नाव आणि काम घोंगडीचं.

काका: आवाज नाही, चकाकी नाही, भिजली तर झटकायची. आणि वास हरणाला मेंढराचा येतो, माणसाचा नाही.

पुतणी: तुमच्या खोपीत ठीक आहे हो. तीन बाजूंनी फळ्या, वर छप्पर. मला तुम्ही शिडीच्या मचाणावर बसवणार, जमिनीपासून पंधरा फुटांवर. तिथे मांडीवरची घोंगडी सावरू की बंदूक? आणि वारा? उणे दहाला ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. विणलेल्या लोकरीतून तो आरपार जातो. आतली सगळी अडकलेली हवा उपसून नेतो.

वाद खरा इथेच संपायला हवा होता, कारण दोघं दोन वेगळ्या जागांबद्दल बोलत होते. खोपीत बसणाऱ्याची गरज निराळी, उघड्या मचाणावर बसणाऱ्याची निराळी. पण दादाला गोष्ट आठवली, आणि त्याला गोष्ट आठवली की ती सांगून होईपर्यंत इलाज नसतो.

काका: वाऱ्याचं मला सांगू नकोस. ११ नोव्हेंबर १९४० ऐकलंयस? पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची सुट्टी. सकाळ इतकी उबदार की मिसिसिपीच्या बेटांवर बदकं मारायला गेलेले कित्येक जण साध्या जाकिटात होते. ढगांबरोबर बदकं आली, थव्यांमागून थवे. कोणाचा पाय निघेना. मग पाऊस, गारा, बर्फ, आणि वारा असा की नदीवर लाटा उसळून होड्या उलटल्या. माणसं भिजली, बेटांवर अडकली, आणि रात्री गोठली. एकट्या मिनेसोटात ४९ जण गेले, त्यांतले निम्मे हे बदकांचे शिकारी. दुसऱ्या दिवशी विनोनाचा मॅक्स कॉनरॅड नावाचा वैमानिक छोटं विमान घेऊन त्याच वाऱ्यात निघाला. डब्यांत खाणं, सिगारेटी, काड्यापेट्या भरून वरून टाकत होता, आणि जिवंत असलेल्यांना वाट दाखवत होता.

पुतणी: बाप रे.

काका: म्हणून म्हणतो, सकाळच्या हवेवर कपडे ठरवू नयेत. जास्तीचं काहीतरी पिशवीत असलंच पाहिजे.

पुतणी: ते बरोबरच आहे. पण काका, ही गोष्ट तुमच्या बाजूची नाही, माझ्या बाजूची आहे. लोकर तेव्हाही होती. त्या माणसांना पाण्याने आणि वाऱ्याने मारलं. वारा अडवणारा पडदा मधे असता तर निदान अंगात उरलेली ऊब तरी टिकली असती.

काका: अडव ना वारा! पण तुझा तो पडदा थंडीत कडक होतो. पाय हलवला की खस्स. हरणाचे कान कुठल्या कुठे वळतात, तुला कल्पना नाही. आम्ही शेजारच्या मचाणावरच्या माणसाची विजार ऐकलेली आहे.

पुतणी: म्हणून तर पडदा बाहेर नाही, मधे आहे. वरून घासून मऊ केलेलं कापड. हात फिरवून बघा.

काका: मऊ आहे. आणि याला गोखरू किती चिकटतील?

पुतणी: चिकटतील. काढेन बसून.

इथे मी मधे पडून रंगाचं विचारलं, कारण डांगरीवर पानाफांद्यांची इतकी बारीक छपाई होती की घडी केल्यावर ती कपाटात सापडेल की नाही याची मला शंका आली. दादा हसला. हरणाला केशरी आणि लाल नीट ओळखू येत नाहीत, म्हणाला. निळा मात्र त्याला ठळक दिसतो, आणि अतिनील प्रकाशही त्याच्या डोळ्याला अगदीच परका नाही. म्हणून जीन्स नको, आणि कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून चमक घातलेला धुण्याचा साबणही नको. जीन्स नको याला दुसरं कारणही आहेच: सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग बर्फासारखं थंड पडतं. विस्कॉन्सिनचा कायदा कमरेच्या वरचा निम्मा पोशाख भडक केशरी मागतो, २०१६पासून भडक गुलाबीही चालतो. कमरेखाली काय घालायचं ते तुमचं तुम्ही. म्हणजे विजारीवरच्या पानाफांद्यांचे पैसे हौसेचे. तपकिरी किंवा करडी साधी विजार त्याच कामाची, आणि पुष्कळदा बरीच स्वस्त.

काका: आता मला एक सांग. गाडीपासून मचाण पाऊण मैल. ही डांगरी घालून तू तेवढं चालणार?

पुतणी: आत हवा जायला चेन आहेत, मांडीपाशी.

काका: आणि अंगातून चारशे-पाचशे वॅट निघतायत, तूच म्हणालीस. दोनशे पावलांत घामाने निथळशील. मग वर जाऊन बस तो घाम घेऊन. तुझे पाच क्लो तुलाच लखलाभ.

पुतणी: (जरा थांबून) नाही, बरोबर आहे. ओला थर हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता नेतो. चालत जाताना फक्त थर्मल आणि एक पातळ पँट. डांगरी पिशवीला बांधून न्यायची, मचाणाखाली चढवायची.

काका: मचाणाखाली. वर नाही. का ते सांग?

पुतणी: वर चढवायची तर झाडाला बांधून ठेवणारा हार्नेस सोडावा लागेल.

काका: शाबास. पडून मोडलेली माणसं थंडीने गोठलेल्यांपेक्षा जास्त बघितलीत मी. आधी विजार, तिच्यावर हार्नेस, मग चढायचं, आणि वर बसल्यावर रिकामी बंदूक दोरीने ओढून घ्यायची. आता ती डांगरी चढवून दाखव. बूट घालून.

पुढची पाच मिनिटं बघण्यासारखी होती. तिने थंडीचे बूट आणले, रबरी तळाचे, आत लोकरीचा जाड मोजा बसवलेला, एकेक पाऊल चांगलं नांगराच्या फाळाएवढं. डांगरीची बाजूची चेन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उघडत होती. त्यातून बूट शिरला, पण पुढे मांडीपाशी कापड आवळलं आणि पाऊल मधेच अडकलं. ती एका पायावर उड्या मारत फ्रिजला धरून उभी. बुटाच्या तळाची माती आतल्या अस्तराला लागली. शेवटी खाली बसून, दोन्ही हातांनी ओढून पाय बाहेर आला, आणि हे सगळं उजेडात, वीस अंशांच्या स्वयंपाकघरात, हातमोज्यांशिवाय. पहाटे पाचला, अंधारात, बर्फावर एका पायावर उभं राहून हेच करायचं होतं.

काका: बूट काढून घालशील. पायमोजा बर्फात टेकला की झालं तुझं.

पुतणी: कमरेपर्यंत उघडणारी चेन हवी. दोन्ही बाजूंनी.

काका: हे मी पाचशे डॉलर न घेता सांगितलं असतं.

पुतणी: तुमच्या पँटला तरी कुठे आहे?

काका: माझ्या पँटला लागतच नाही. मी तीच घालून चालतो, लोकर आहे, घाम पचवते. बसल्यावर घोंगडी वरून. चढवायचं-उतरवायचं काही नाही.

हे त्याचं खरं बलस्थान, आणि इतका वेळ त्याला नीट सांगता आलं नव्हतं. पण चालण्याची विजार आणि बसण्याची विजार या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्याने घोंगडी घेतली तेव्हाच मान्य केलं होतं.

पुतणी: बरं, यावर छापलंय बघा, ‘उणे तीसपर्यंत’.

काका: कोणासाठी?

पुतणी: तेच तर लिहिलेलं नाही. युरोपात थंडीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी ईएन ३४२ नावाचं मानक आहे. त्यात एकाच कपड्याला उभ्या माणसासाठी एक तापमान देतात, चालत्या माणसासाठी दुसरं, आणि तासाभरासाठी वेगळं, आठ तासांसाठी वेगळं. उभ्या-चालत्यातच वीसेक अंशांची तफावत सहज पडते. हे ‘उणे तीस’ बहुधा बर्फ उपसणाऱ्याचं असणार.

काका: मग आत भरलंय काय? पिसं?

पुतणी: छे. पिसं म्हणजे डाउन वजनाला हलकी आणि ऊब भरपूर, पण दाबली की चपटी, आणि भिजली की गोळा. आपण तर त्यांच्यावरच बसणार. पॉलिस्टरचा भराव थोडा जड, पण भिजला तरी फुगलेला राहतो. तोही बुडाखाली दबतोच म्हणा.

काका: सगळंच दबतं. सत्तर किलोखाली काय फुगून राहणार आहे? त्याला उपाय विजारीत नाही, विजारीखाली आहे.

तो उपाय म्हणजे कॅम्पिंगच्या फोमच्या गादीचा कापलेला दोन वीत चौरस तुकडा. पाणी न पिणारा, हवेचे बंद कप्पे असलेला तो फोम दबत नाही म्हणून तो लागतो. मचाणाची बैठक लोखंडी जाळीची असते. खालून वारा, वर माणूस. दादा खोपीतसुद्धा तो तुकडा वापरतो. पन्नास वर्षांचं बसकर, असं म्हणत तो त्याला कौतुकाने थोपटत होता. एवढं मात्र त्या दोघांना वाद न घालता पटलं.

मग पुतणीने जो प्रश्न काढला, त्याने दादाचं तोंड बंद झालं.

पुतणी: आणि काका, चार तासांत लघवीला जावं लागलं तर? तुम्हाला काय, पुढची चेन. मला हार्नेस, गॅलस, डांगरी, थर्मल, सगळं उतरवावं लागणार. बायकांच्या डांगरीला मागून खाली उतरणारा भाग असतो, तो नसेल तर माणूस पाणीच पीत नाही. पाणी कमी पडलं की थंडीही जास्त बाधते.

काका: हे मला... म्हणजे तुझ्या काकूला विचारायला हवं होतं.

पुतणी: काकूंनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डांगरी परत गेली. तिच्या जागी आली ती निम्म्या किमतीची, साध्या तपकिरी रंगाची, पॉलिस्टरच्या भरावाची, मधे वारा अडवणारा पडदा, मागचा भाग चेनने उतरणारा आणि दोन्ही बाजू घोट्यापासून कमरेपर्यंत उघडणाऱ्या. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठी घेतली. घट्ट विजारीत भराव गुडघ्याला आणि मांडीला ताणून चपटा होतो आणि रक्त पायांपर्यंत नीट पोचत नाही. मग मोजे कितीही चढवा, बोटं बधिर होतातच. दुकानात तिने ती बूट घालून चढवली, कोपऱ्यातल्या स्टुलावर पंधरा मिनिटं बसली, पुढे वाकली, मागे वळली, गुडघे छातीशी घेतले. दुकानदार काही बोलला नाही. तिथे नोव्हेंबरात असली गिऱ्हाइकं रोज येतात. दादाने स्वतःसाठी काही घेतलं नाही. मला विचाराल तर खोपीत बसणाऱ्याला घोंगडीवर मात करणारं काही नाही, आणि उघड्यावर, उंचावर बसणाऱ्याने दादाचं ऐकू नये. फक्त चेनेच्या बाबतीत ऐकावं.

हे मराठीत लिहायचं कारण शिकार नाही. आपल्याकडून हल्ली पुष्कळ जण ऐन हिवाळ्यात स्पितीत किब्बरला हिमबिबट्या पाहायला जातात. तिथेही तेच आहे: सव्वाचार हजार मीटर उंचीवर, उतारावर दुर्बीण रोखून, समोरच्या कड्यावर काही हलतंय का बघत तासन्‌तास बसायचं, पारा उणे वीसकडे. जाताना लोक ट्रेकिंगची पँट घेऊन जातात. ती चालण्यासाठी असते. बसण्यासाठी वेगळी विजार न्या, बूट न काढता चढेल अशी, आणि ती पिशवीत ठेवून चढा. दुकानात उभ्याने माप देऊ नका, स्टूल मागून घ्या. फोमचा तुकडा विसरू नका.